जे डिला कोण होता? तो धड रॅपरही नव्हता, मग हिप-हॉपवाले त्याला एवढं का मानतात?

रॅप तो करायचा, पण त्यासाठी त्याला कोणी लक्षात ठेवलेलं नाही आणि त्यात अन्यायही काही नाही. डिला बीट बनवायचा. बीट म्हणजे रॅपर ज्याच्यावर शब्द टाकतो ते सगळं: ड्रम, बास, जुन्या रेकॉर्डमधून उचललेले तुकडे. माझं मत विचाराल तर गेल्या तीसेक वर्षांत ड्रम वाजवण्याच्या पद्धतीवर सगळ्यात खोल ठसा या माणसाचा आहे, आणि तो ड्रमर म्हणून कोणाला माहीतच नाही. मी लहानपणी तबला शिकलो, आता फावल्या वेळात लॅपटॉपवर बीट जुळवत बसतो. त्यामुळे उत्तर लयीच्या अंगानं देतोय.

खरं नाव जेम्स ड्यूइट यान्सी. जन्म 7 फेब्रुवारी 1974, डेट्रॉइट. कोनंट गार्डन्स नावाच्या वस्तीत वाढला. घर गाण्याचं: वडील जॅझ वाजवणारे, आई मॉरीन यान्सी ऑपेरा गायलेल्या. (हिप-हॉपच्या जगात या आईंना सगळे 'मा ड्यूक्स' म्हणतात. पुढे त्या पुन्हा येतील.) मोटाउन कंपनी 1972 मध्येच डेट्रॉइट सोडून लॉस एंजेलिसला गेली होती, पण तिच्या रेकॉर्डी शहरात होत्याच. हा पोरगा त्यात बुडालेला. शाळेत टी-थ्री आणि बाटिन हे दोन मित्र भेटले, तिघांचा 'स्लम व्हिलेज' हा गट झाला.

त्याच वस्तीत अँप फिडलर राहायचा. जॉर्ज क्लिंटनच्या फंक मंडळीत कीबोर्ड वाजवणारा हा माणूस मोहल्ल्यातल्या मुलांना आपल्या घरातली यंत्रं हाताळू द्यायचा. डिलाचा हात पहिल्यांदा अकाई कंपनीच्या एमपीसी या बीट बनवायच्या यंत्रावर पडला तो तिथेच. पुढे 1994 मध्ये फिडलरनंच त्याची गाठ 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या न्यूयॉर्कच्या रॅप गटातल्या क्यू-टिपशी घालून दिली. टिपनं टेप ऐकली आणि डेट्रॉइटच्या तळघरात बसलेल्या विशीतल्या मुलाकडे न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसची कामं यायला लागली. फारसाइड आणि डी ला सोल हे गट, रॅपर बस्टा ऱ्हाइम्स, सगळे. 'ट्राइब'च्या 1996 च्या अल्बमवर जुने चाहते नाराज झाले होते, आवाज बदलला म्हणून. आज तोच अल्बम ऐकताना गंमत वाटते.

आता मुद्द्याचं.

एमपीसी हे टेबलावर मावणारं यंत्र. वर सोळा रबरी पॅड, प्रत्येकावर एक आवाज चढवायचा आणि बोटांनी वाजवायचा. यंत्र ते लक्षात ठेवतं आणि तुमचं बोट इकडेतिकडे पडलं असेल तर ओढून नेमक्या जागेवर आणून बसवतं. याला क्वांटाइझ म्हणतात. शिवाय स्विंगची सोय असते: मात्रेचे दोन सारखे भाग न करता पहिला लांब, दुसरा आखूड करायचा, म्हणजे चाल झुलती होते. यंत्र बनवणाऱ्या रॉजर लिननं हे प्रमाण टक्क्यांत ठेवलं होतं. 50 म्हणजे सरळ, 66 म्हणजे साधारण दादऱ्यासारखा झोका.

डिलाबद्दल सगळीकडे सांगितलं जातं की त्यानं क्वांटाइझ बंद केलं आणि हातानं सैलसर वाजवलं, बस. हे अपुरं आहे, आणि थोडं अपमानकारकही. क्वांटाइझ बंद करून कोणीही वाजवेल, मीही वाजवतो, ते फक्त कच्चं वाटतं. डिला काय करायचा? एकाच बीटमध्ये हाय-हॅट (झांजांची जोडी) एका चालीत, किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) दुसऱ्या चालीत आणि स्नेअर (कडक, टाळीसारखा वाजणारा ड्रम) त्या दोघांपासून किंचित सरकवलेला. बऱ्याचदा स्नेअर केसभर लवकर येतो, त्यामुळे बाकी सगळं मागे रेलल्यासारखं वाटतं. 'केसभर' म्हणजे किती? त्याच्या एमपीसी 3000 वर एका मात्रेचे 96 भाग पडतात. मिनिटाला 90 मात्रांची लय धरली तर एक भाग साधारण सात मिलिसेकंदांचा. तो असल्या दोन-चार भागांत खेळायचा, आणि जिथे सरकवायचा तिथे पूर्ण बीटभर तसंच ठेवायचा. चूक असती तर दर आवर्तनात वेगळ्या जागी पडली असती.

तबला शिकलेल्यांना आड लय माहीत असते. पण आड लय हिशोबात बसते, दीडपट म्हणजे दीडपट. सरळ आणि आडीच्या अधल्यामधल्या जागेला आपल्याकडे आकडा नाही. ती फक्त गुरूच्या हातात ऐकायला मिळते, एखाद्या जुन्या ढोलकीवाल्याच्या ठेक्यात मिळते. डिलानं ती जागा यंत्रावर पकडली आणि थोडी इकडे, थोडी तिकडे करत पक्की केली. हे काम हिशोबानं होत नाही, कानानंच होतं.

'द रूट्स'चा ड्रमर क्वेस्टलव्ह ही हकीकत अनेकदा सांगतो: फारसाइडचा कार्यक्रम चालू असताना बाहेर त्याला डिलानं केलेल्या बीटची किक ऐकू आली आणि ती एखाद्या झिंगलेल्या लहान मुलानं वाजवल्यासारखी वाटली. त्यानं आयुष्यभर घड्याळासारखं वाजवायचा रियाज केलेला. त्यानंतर गायक डिअँजेलोच्या 'वूडू' अल्बमसाठी (2000) तोच माणूस मुद्दाम तसा, लयीच्या मागे लोंबकळत वाजवायला शिकला. माझ्या लेखी डिलाचा वारसा हाच. आधी यंत्रं माणसाची नक्कल करायची. इथून पुढे हाडामांसाचे ड्रमर एका यंत्राची नक्कल करू लागले, कारण त्या यंत्रामागचा माणूस त्यांच्यापेक्षा जास्त माणसासारखं वाजवत होता. क्रिस डेव्हसारखे ड्रमर त्यातूनच घडले. पियानोवादक रॉबर्ट ग्लॅस्परनं 2007 च्या अल्बममध्ये डिलाचे बीट त्रिकुटावर वाजवून दाखवले.

मधली वर्षं थोडक्यात. 2000 च्या आसपास तो रॅपर कॉमन, गायिका एरिका बाडू, क्वेस्टलव्ह या मंडळींत होता. कॉमनचं 'द लाइट' बहुतेकांनी ऐकलेलं असतं, ते त्याचंच काम. तोवर त्याला 'जे डी' म्हणत. जर्मेन डुप्री या दुसऱ्या निर्मात्यालाही जेडी म्हणत असल्यानं घोळ व्हायचा, म्हणून 2001 पासून तो 'जे डिला' झाला. एका मोठ्या कंपनीनं त्याच्याकडून रॅपचा अल्बम करून घेतला आणि दाबून ठेवला. तो अल्बम 2016 मध्ये, डिला गेल्यावर दहा वर्षांनी बाहेर आला. मॅडलिब या निर्मात्याबरोबरचा 'चॅम्पियन साउंड' हा अल्बम 2003 चा.

तोपर्यंत आजार सुरू झाला होता. टीटीपी नावाचा रक्ताचा दुर्मिळ विकार, ज्यात बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, आणि ल्युपस, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. लॉस एंजेलिसला राहायला गेल्यावर दवाखान्याच्या वाऱ्या वाढल्या, आई डेट्रॉइट सोडून शुश्रूषेला आल्या. 2005 च्या अखेरीस त्यानं युरोपात व्हीलचेअरवर बसून कार्यक्रम केले. 7 फेब्रुवारी 2006 ला, बत्तिसाव्या वाढदिवशी, 'डोनट्स' हा अल्बम बाजारात आला. तीन दिवसांनी डिला गेला.

'डोनट्स' मृत्युशय्येवर बनवला, ही कथा इंटरनेटला फार प्रिय आहे. चरित्रकार डॅन चार्नास यांनी ती बरीच तपासली आहे. मूळ बीटची टेप त्यानं आधीच घरी बनवली होती. दवाखान्यात थोडंफार काम झालं, आणि अल्बमच्या लांबीला ती आणण्याचं संकलन स्टोन्स थ्रो कंपनीच्या जेफ जँकनं केलं. मला हे कळल्यावर अल्बम कमी आवडला नाही, उलट रडकं आवरण निघून गेल्यानं नीट ऐकू आला. 31 तुकडे, बहुतेक मिनिट-दीड मिनिटाचे. पहिल्याच्या नावात 'आउट्रो', शेवटच्याचं नाव 'वेलकम टू द शो', आणि शेवट थेट सुरुवातीला जाऊन मिळतो. 'डोन्ट क्राय' हा तुकडा जरूर ऐका. एस्कॉर्ट्स या गटाचं जुनं सोल गाणं तो आधी बराच वेळ जसंच्या तसं वाजू देतो. मग तेच गाणं चिरून, तुकडे उलटसुलट लावून परत वाजवतो. कच्चा माल दाखवायचा आणि मग पदार्थ. एवढा आत्मविश्वास असलेला निर्माता मला दुसरा माहीत नाही. हे आईसाठी होतं असं पुष्कळ जण मानतात, आणि नाव पाहता ते पटतंही.

तो गेल्यानंतरचा भाग त्रासाचा आहे. मागे करांचं मोठं देणं, बीटवर हक्क कोणाचा यावरून वकिलांची पत्रापत्री, आणि आईंना स्वतःलाही ल्युपस. ज्या माणसाच्या नावाचे टी-शर्ट जगभर खपत होते त्याच्या घरच्यांसाठी चाहत्यांना वर्गणी काढायची वेळ आली. दुसऱ्या बाजूला मान भरपूर: 2009 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्याच्या रचना पूर्ण वाद्यवृंदावर वाजवल्या गेल्या, फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात एका वाटेला 'आले जे डी' हे नाव मिळालं, आणि मा ड्यूक्सनी दिलेला त्याचा एमपीसी वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आज अभ्यास करताना मुलं यूट्यूबवर जे लो-फाय (संथ, शांत बीटचं संगीत) लावून बसतात त्याचे दोन मूळपुरुष सांगतात, एक डिला आणि दुसरा जपानचा निर्माता नुजाबेस. दोघांची जन्मतारीख एकच, वर्षासकट. (त्या लो-फायमध्ये डिलाचा सैलपणा असतो, धार नसते. पण तो वेगळा वाद.)

ऐकायचं असेल तर 'डोनट्स'पासून सुरुवात करू नका, गोंधळायला होईल. आधी फारसाइडचं 'रनिंग' (1995): गिटार स्टॅन गेट्झ आणि लुइझ बोन्फा यांच्या जुन्या रेकॉर्डमधली, आणि किक अशी की पुढची कुठे पडेल याचा अंदाज येत नाही. मग 'द लाइट', मग स्लम व्हिलेजचा 'फँटॅस्टिक, व्हॉल्यूम 2'. त्यावर मांडीवर हातानं ताल धरून बघा, दोन आवर्तनांत कुठे अडखळता ते कळेल. आणि हेडफोन लावा. फोनच्या स्पीकरवर त्याचा बास ऐकूच येत नाही.