पणजोबांचा 'ण' कोणाचा?

मूळ घर देवगड तालुक्यात, बिऱ्हाड डोंबिवलीत, अशा एका गृहस्थांचा प्रश्न आहे: "जमिनीच्या वारसनोंदीसाठी वंशावळ लिहून काढतोय. सातबाऱ्यावर अजून पणजोबांच्या वडिलांचं नाव आहे. त्यांना खापरपणजोबा म्हणायचं की पणपणजोबा? आणि खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडाच ना? पूर्वजाला असं का म्हणावं?"

खापरपणजोबा. सलग, एकच शब्द. 'पणपणजोबा' मराठीत नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) खापरपणजा आणि खापरपणजी जोडीने बसले आहेत, आमच्याकडे मालवणीत खापरपणजो म्हणतात, विषय संपला.

तुम्ही निदान पणजोबा नीट लिहिलंत, त्याबद्दल आभार. गेल्या मे महिन्यात वाडीत एका पूजेची पत्रिका आली, त्यात ठसठशीत अक्षरांत 'कै. पंजोबा' होते. वाघाचे कोण लागतात हे? त्याच पूजेत एका वक्त्याने मुलीच्या मुलीच्या मुलीला पुढे बोलावलं आणि "पणती म्हणजे घरातली पणती, वंशाचा दिवा!" असं म्हणून टाळ्या घेतल्या. गेल्या दहा वर्षांत ही कोटी मी किमान वीसदा ऐकली असेल. नात्यातली पणती वेगळी आणि तेलवातीची वेगळी. उच्चार जुळला म्हणून सोयरीक होत नाही.

बरं, आता खरी गंमत. तुम्ही खापराच्या मागे लागलात आणि त्याला चिकटलेल्या 'पण'कडे बघितलंच नाही. पणजोबातला हा 'पण' आला कुठून?

आजा सोपा आहे. संस्कृतात आर्यक म्हणजे आजोबा. त्याचं प्राकृतात अज्जअ, मराठीत आजा, मालवणीत आजो. (कानडीत अज्ज आहे म्हणून आजा कानडीतून उचलला, असं सांगणारे भेटतात. घरातून सरळ वाट असताना घाट उतरून कशाला जायचं? महाभारतात विष पाजलेला भीम नागलोकात पोचतो, तेव्हा त्याला ओळखून मिठी मारणारा नाग नात्याने कुंतीच्या वडिलांचा आजा लागतो, आणि त्याचं नावच आर्यक.) नातूही सोपा: नप्तृ, नत्तु, नातू. हा शब्द तर फारच जुना. वेदांत 'अपां नपात्' नावाचा देव आहे, म्हणजे पाण्याचा नातू. हाच शब्द लॅटिनमध्ये 'नेपोस' म्हणून नांदतो, आणि आज सिनेमावाल्यांच्या पोरांवरून जो नेपोटिझम नेपोटिझम म्हणून ओरडा चालतो तो त्याच नेपोसचा. आमच्या वाडीतला नातू आणि तो नेपोटिझम चुलतभाऊ आहेत.

आता नातवाच्या पोराला संस्कृतात प्रणप्तृ. मागे प्र आला की न चा ण होतो, नमन आणि प्रणाम ही जोडी आठवा. प्रणप्तृचा झाला पणतू. इथपर्यंत सरळ. यातला ण हा नातवाचा स्वतःचा आहे, त्याच्याच न चा झालेला.

आजोबांच्या बापाचं काय? प्र + आर्यक म्हणजे प्रार्यक, प्राकृतात पज्जअ. मराठीत उतरला तर 'पाजा' व्हायला हवा. मग पणजा कसा झाला? आर्यकात ण ला जागाच नाही!

माझं म्हणणं असं, आणि या जागेवरून मी हलणार नाही: पणज्याने तो ण पणतवाकडून घेतला. मराठी कानाने पणतू ऐकला, नातूशी ताडून पाहिला आणि चुकीच्या सांध्यावर तोडला: पण + तू. म्हणजे 'पण' लावलं की एक पिढी लांब, असा हिशेब बसला. मग तोच पण उचलून आज्याला लावला. आजा-नातू, पणजा-पणतू. खापरही पुढे असंच दोन्हीकडे लागलं, खापरपणजा-खापरपणतू. वरची आणि खालची बाजू आरशातल्यासारखी.

आमच्या तालुक्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी यावर भर सभेत सांगितलं की पण म्हणजे प्रतिज्ञा, तीन पिढ्यांचं ऋण फेडायचा पण. मास्तरांचा आवाज चांगला आहे. दुसरे एक व्यासंगी स्नेही म्हणतात, त्यात काय एवढं, प्र चा मराठीत पण होतो. होतो? मग द्विप्रहरची दुपार कशी झाली? प्रसरणाचं पसरणं कसं झालं? प्र चा नुसता प होतो. त्यांना मी तीन वर्षांपूर्वी विचारलं होतं, पणतू सोडून एक उदाहरण द्या. अजून शोधताहेत.

आणि व्याकरण बाजूला ठेवा, घरातला व्यवहार बघा. पणतू जन्मल्याशिवाय कोणी पणजोबा होतं का? पणतवाचं तोंड बघितलं की म्हाताऱ्यांवर सोन्याची फुलं उधळतात. आमच्याकडे तो सोहळा झाला तेव्हा फुलं कसली, सोनाराने चार गुंजांत बसवलेल्या टिकल्या होत्या. त्या उधळल्यावर सगळे खळ्यात वाकून शोधत होते, आणि पणजी खुर्चीत बसून म्हणत होती, "पणतू बघलंय, आता आणि काय व्हया माका?" तिला पणजी हे पद त्या तीन महिन्यांच्या पोराने दिलं. मग शब्दाने अक्षर तिथूनच घेतलं तर नवल काय?

आज्या-नातवातली ही देवघेव भाषेला नवी नाही, कधी ती उलट्या दिशेनेही होते. जर्मनमध्ये नातवाला 'एंकेल' म्हणतात, त्याचं मूळ 'छोटा आजोबा'. आपण तर आज्याचं नावच नातवाला ठेवतो. नावं एक पिढी सोडून पुन्हा येतात, दुष्काळात फणस यावा तशी नव्हे, अगदी नेमाने.

खापर राहिलंच. खर्परापासून खापर, मडक्याचा तुकडा, तुमचं बरोबर. अंत्यविधीला फुटणाऱ्या मडक्याशी त्याचा संबंध जोडतात, मला ते ओढूनताणून वाटतं. मडकं बापासाठीही फुटतंच. मला म्हाळ जवळचा वाटतो. श्राद्धात पिंड मिळतो तो बाप, आजा आणि पणजा या तिघांना. चौथ्यापासून पुढच्या तिघांच्या वाट्याला हाताला चिकटलेला लेप. पानावरच्या तिघांनंतर ज्याला भांड्याच्या बुडाचं मिळतं तो खापराचा, असा माझा तर्क. अपमान वगैरे काही नाही त्यात.

तुमच्या वंशावळीत मात्र नुसती नावं लिहून थांबू नका. आमच्या घरात विष्णू रघुनाथ, रघुनाथ विष्णू, पुन्हा विष्णू रघुनाथ अशी माळ आहे. एका कार्यालयात पहिल्या आणि तिसऱ्या विष्णूंना एकच माणूस धरलं गेलं. फेरफाराच्या कागदावर पणजोबा मेल्यावर चाळीस वर्षांनी जन्मले. ती दुरुस्ती करून घ्यायला दोन पावसाळे गेले, आणि कलमांचं उत्पन्न तोवर चुलत्यांनी खाल्लं. प्रत्येक नावापुढे नात्याचा शब्द लिहा, आणि खापरपणजोबांपुढे खापरपणजोबाच, मध्ये रेघ न मारता.