ईडीएफच्या (बोगद्यात विजेवर फिरणाऱ्या पंख्याच्या) रिमोटवरच्या मॉडेल विमानात १०० न्यूटन जोराची छोटी जेट टर्बाइन बसवतोय. इनटेक डक्ट (हवा आत आणणारा बोगदा) इंजिनापर्यंत न्यावा का? थ्रस्ट ट्यूब (झोत शेपटीबाहेर नेणारी नळी) सिंगल वॉल घ्यावी की डबल?

डक्ट कॉम्प्रेसरच्या (इंजिनाच्या पुढच्या, हवा दाबणाऱ्या भागाच्या) तोंडाला थेट जोडू नका आणि ट्यूब डबल वॉलच घ्या.

ईडीएफच्या पंख्याला पात्यांपर्यंत गुळगुळीत बोगदा लागतो. टर्बाइनच्या तोंडावर मात्र स्वतःचा बेलमाउथ (कर्ण्यासारखं पसरट तोंड) असतो. तिला समोर मोकळ्या जागेतली शांत हवा हवी. शिवाय हवा ओढणारी दुसरी जागा आहे थ्रस्ट ट्यूब. इंजिनाच्या मागच्या नॉझलमधून चारशे मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास निघणारा झोत ट्यूबच्या तोंडाशी आजूबाजूची हवा सोबत खेचून नेतो, आणि फ्यूजलाज (विमानाचं धड) थंड राहतो तो याच हवेमुळे. डक्ट इंजिनाला बंद करून जोडला की ही वाट बुजते. मग शेपटीच्या फटीतून तापलेली हवा उलटी आत येते आणि खोलीच्या तापमानाला सेट झालेलं इपॉक्सी साठ-सत्तर अंशांतच मऊ पडू लागतं.

आता इनटेकचं क्षेत्रफळ. या वर्गातली टर्बाइन पूर्ण थ्रॉटलला सेकंदाला साधारण ०.२३ किलो, म्हणजे ०.२ घनमीटर हवा घेते. इनटेकमधला वेग ३० मीटर प्रतिसेकंद ठेवायचा तर फक्त इंजिनासाठी ६५ चौरस सेंटिमीटर लागतात. ट्यूबने ओढलेली हवा धरून १०० ते १२० ठेवा. दोन्ही बाजूंचे इनटेक मिळून एवढं भरत नसेल, तर पोटाखाली, चाकांच्या कप्प्याजवळ जाळी लावून भोक पाडा. दिसायला वाईट, पण काम चोख. जाळीच्या तारा जेवढी जागा खातात तेवढी हिशेबातून वजा करायला विसरू नका. इनटेकची कड धारदार असेल तर विमान जमिनीवर थांबलेलं असताना प्रवाह तिथेच सुटतो आणि कागदावरचं क्षेत्रफळ प्रत्यक्षात मिळत नाही. कडेला निदान ६-८ मिमी त्रिज्येची गोलाई द्या. डक्टचा पुढचा भाग ठेवायला हरकत नाही, फक्त तो इंजिनाच्या बराच आधी संपवा.

ट्यूब बसवताना नॉझलचं टोक आणि ट्यूबचा बेलमाउथ यांतलं अंतर साधारण १५ ते २५ मिमी ठेवतात. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच पाळा. अंतर फार वाढलं तर पसरलेल्या झोताची कड बेलमाउथच्या ओठावर आपटून गरम वायू फ्यूजलाजमध्ये सांडतो. मध्यरेषा चुकली तर ट्यूबची एकच बाजू निळी-तपकिरी होते, आणि विमान थ्रॉटल वाढवताच नाक वर-खाली करू लागतं.

डबल वॉलमध्ये आतली नळी पातळ स्टेनलेसची असते आणि दोन भिंतींमधून थंड हवा वाहते. ती फट पुढून-मागून उघडी हवी. फोम किंवा टेपने बुजवली तर डबल वॉलचे पैसे वाया. ट्यूब फक्त पुढे घट्ट बांधा, मागचा आधार सरकता ठेवा: ६०० मिमीची स्टेनलेस नळी ३५० अंशांनी तापली तर साडेतीन मिमीच्या वर लांबते. दोन्ही टोकं आवळली की ती वाकते किंवा फॉर्मर (धडातली आडवी चौकट) उखडते. सिंगल वॉल चालते ती आखूड ट्यूबला, जिथे भोवती भरपूर मोकळी जागा आहे.

इंजिनाभोवती पूर्ण बंद बायपास, म्हणजे इनटेकपासून ट्यूबपर्यंत इंजिनाला वेढणारं कवच, हा पर्यायही चांगला आहे. फ्यूजलाज स्वच्छ राहतो, सुटी वायर किंवा फोमचा तुकडा कॉम्प्रेसरमध्ये जायची भीती जाते. पण वजन वाढतं, दुरुस्तीला हात पोचत नाही, आणि बायपासची भिंत लेची असेल तर पूर्ण थ्रॉटलला ती आत चेपते. पहिल्या टर्बाइनला मोकळा फ्यूजलाजच बरा.

तपासणी सोपी आहे. पारदर्शक नळीचा यू करून त्यात पाणी भरा, एक टोक फ्यूजलाजच्या आत, दुसरं बाहेर. पूर्ण थ्रॉटलला पातळ्यांत ५-६ सेंटिमीटर फरक ठीक. १० च्या वर गेला तर इनटेक वाढवा. शेपटीच्या फटीशी लोकरीचा धागा चिकटवा. तो आत ओढला जात असेल तरी दुखणं तेच. आतल्या लाकडावर तापमान दाखवणाऱ्या पट्ट्या लावा आणि इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनीही वाचा, कारण हवा थांबली की साठलेली उष्णता तेव्हा बाहेर पडते. विदर्भातल्या ४५ अंशांच्या दुपारी हवा १५ अंशांच्या मानाने नऊ-दहा टक्के विरळ असते, त्यामुळे जानेवारीत बरोबर आलेला ईजीटी (बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान) मे महिन्यात पुन्हा बघा.

चाचणीला नाक वाऱ्याकडे ठेवा; शेपटीतून वारा शिरला तर हॉट स्टार्ट होतो, म्हणजे सुरू होतानाच इंजिन जास्त तापतं. स्टार्ट फसून ट्यूबमध्ये केरोसीन साचलं तर पुन्हा पेटवण्याआधी नाक उचलून ते मागून निथळू द्या. आणि आग विझवायला कार्बन डायऑक्साइडचाच सिलिंडर ठेवा, पावडरने इंजिन कामातून जातं.