स्कॅनर नंतर, आधी मावशींकडे जा

तुम्ही विचारलंय की एरंडोलजवळच्या आजोळी, जुनं घर पाडायच्या आधी आवराआवर करताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठेक फोटो निघाले, एकाच्याही मागे काही लिहिलेलं नाही, तर स्कॅनर कोणता घ्यावा आणि माणसं ओळखायची कशी. मग जाता जाता लिहिलंय की आईची मावशी ८४ वर्षांची आहे, ‘पण तिला आता फारसं दिसत नाही’. मला सगळ्यात जास्त त्या शेवटच्या वाक्याबद्दल सांगायचंय. स्कॅनर दिवाळीनंतर घेतला तरी चालेल. मावशींकडे या रविवारीच जा.

आमचं गाव पारोळा तालुक्यात. घरात आजोबांचा एकच मोठा फोटो होता. पोळ्याचा दिवस, धाब्याच्या घरापुढे आजोबा, त्यांचे दोन चुलतभाऊ आणि झुली घातलेली बैलजोडी. वडिलांनी तो एका स्टुडिओत देऊन मोठा करून घेतला, तेव्हा डावीकडची कड कापली गेली. कुणाला खटकलंही नाही, कारण माणसं आणि बैल सगळे त्यात होते. मूळ लहान फोटो जमिनीच्या कागदांच्या पिशवीत पडून राहिला. बऱ्याच वर्षांनी आजोबांची बहीण, आमची आक्का, राहायला आली होती, तेव्हा मी सहज तो मूळ फोटो तिच्या हातात दिला. तिनं पुरुषांकडे पाहिलंच नाही. फोटो डोळ्यांना लागेल इतका जवळ नेला आणि डाव्या कडेला बोट ठेवलं. तिथे ओट्यावर, मेढीच्या आडोशाला, तोंड झाकेल इतका पदर ओढून एक बाई उभी होती, हातात ओवाळणीचं ताट.

“मनी माय शे हाई,” आक्का अहिराणीत म्हणाली. माझी आई आहे ही.

चेहरा तर दिसतच नव्हता. कशावरून ओळखलंस, म्हटलं.

“तिना हात दख.”

ताट धरलेल्या हाताची करंगळी ताठ बाहेर आलेली होती. दादर, म्हणजे आमच्याकडची ज्वारी, कापताना विळा लागला, त्यानंतर ते बोट कधी वाकलंच नाही. माझ्या पणजीचा तेवढाच एक फोटो आहे, आणि भिंतीवरच्या मोठ्या फोटोतून आम्ही तो कापून टाकला होता. पुढच्या उन्हाळ्यात आक्का गेली. त्या दुपारी मी फोटो दाखवला नसता, तर आज जगातल्या कुठल्याही स्कॅनरला ती करंगळी कुणाची हे सांगता आलं नसतं.

म्हणून मावशींना काय विचारायचं तेही सांगतो, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. ‘ही कोण?’ असं विचारू नका. म्हाताऱ्या माणसाला ती परीक्षा वाटते, आणि ‘आते नही याद ये’ म्हणून विषय संपतो. वस्तूंपासून सुरुवात करा. हा ओटा कुणाचा? ही विहीर कोणत्या मळ्यातली? हे कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीच्या, रोटांना जमलेले भाऊबंद आहेत, की कुणाचं लग्न? हा झोका आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा का? बैलांची नावं तर जरूर विचारा. माझा अनुभव असा की माणसांआधी बैलांची नावं आठवतात, आणि बैलाचं नाव आलं की त्याचा धनी आपोआप येतो. दिसत कमी असेल तर मोबाइलवर फोटोचा फोटो काढून एकेक चेहरा मोठा करून दाखवा, आणि तुम्हाला जे दिसतंय ते मोठ्यानं सांगत राहा: ‘डावीकडे उंच माणूस आहे, डोक्याला टोपी, हातात काठी.’ सकाळच्या उजेडात बसा. एका बैठकीत तीन-चार फोटो पुरे. रेकॉर्डिंग चालू ठेवा. गावात त्यांच्या वयाची दुसरी कुणी असेल तर दोघींना एकत्र बसवा. एक म्हणेल ही अमकी, दुसरी म्हणेल छे, तिचं तर लग्नच झालं नव्हतं तेव्हा. त्या वादातून साल निघतं.

बायकांच्या नावांसाठी वेगळा वेळ काढा. पुरुषांची नावं सातबाऱ्यावर, शाळेच्या रजिस्टरात सापडतील. बाईला मात्र सासरी दुसरं नाव मिळालेलं असतं, आणि भावकीत हाक मारायची ती माहेरच्या गावावरून, बेटावदवाली, शिरपूरवाली अशी. माहेरचं नाव, सासरचं नाव आणि माहेरचं गाव अशा तिन्ही गोष्टी लिहून घ्या. पुढे कुणी शोधायला निघालं तर यातलं एक तरी नाव लागू पडेल.

आता साल ठरवण्याबद्दल. आधी फोटोची मागची बाजू आणि कडा पाहा. स्टुडिओच्या शिक्क्यात ‘पूर्व खानदेश’ किंवा ‘पश्चिम खानदेश’ असेल तर फोटो बहुधा १९६० च्या आधीचा किंवा त्याच सुमाराचा. १९०६ मध्ये जिल्ह्याची विभागणी झाली तेव्हाची ती नावं, महाराष्ट्र झाल्यावर त्यांचे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले. शिक्क्यात सहा आकडी पिनकोड असेल तर तो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोडच तेव्हा सुरू झाला. अर्थात शिक्के जुनेही वापरात राहतात, म्हणून हा नुसता अंदाज धरा. नागमोडी कातरलेल्या कडांचे छोटे काळे-पांढरे फोटो साधारण साठच्या दशकापर्यंतचे. चौकोनी, सारख्या लांबी-रुंदीचे फोटो बऱ्याचदा १२० च्या फिल्मवरच्या साध्या कॅमेऱ्याचे. आमच्याकडे कुणाचा तरी नोकरीवाला जावई आग्फा क्लिक थ्री गळ्यात अडकवून यायचा, त्याचे हे.

कपड्यांवरून काळ ठरवताना म्हाताऱ्यांकडे पाहू नका. नऊवारी लुगडं आणि धोतर अनेकांनी आयुष्यभर बदललं नाही. तरुण पोरांकडे पाहा, बेलबॉटम दिसली की सत्तरचं दशक आलं. शेतातल्या फोटोत विहिरीवर मोट आहे, इंजिन आहे की विजेचा खांब, यावरून मावशी सांगतील की हे ‘लाइट यायच्या आधीचं’. ते वर्ष गावातल्या कुणाला ना कुणाला पक्कं आठवत असतं.

स्टुडिओतल्या फोटोंत जरा जपून. मनगटावरचं घड्याळ, टेबलावरचा रेडिओ, मागचा बगिचा यातलं काहीच त्या घरचं नसेल. आजी-आजोबा शेजारी शेजारी दिसतायत तो फोटोही नीट पाहा. एकाच्या नाकाची सावली डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे पडली असेल, तर ते दोघं कधी एकत्र कॅमेऱ्यापुढे बसलेच नव्हते. दोन फोटो जोडून, वरून ब्रश फिरवून स्टुडिओनं तो केला. तसा निघाला म्हणून हिरमुसू नका. कुणालातरी ते दोघं एका चौकटीत हवे होते, आणि त्यासाठी त्या काळी पैसे मोजले गेले.

डब्यात एखादा मयताचा फोटो निघेल. हार घातलेला देह, भोवती घरची माणसं. हल्लीची मुलं तो पाहून दचकतात, आणि तोच फोटो सगळ्यात आधी फेकला जातो. कृपा करून फेकू नका. खेड्यात अनेकांच्या आयुष्यात फोटो काढण्याची ती एकच वेळ आली. शिवाय भोवतीच्या माणसांत लेकी, जावई, भाऊ असे सगळे लांबून आलेले नातलग एकाच फोटोत असतात. त्याची तारीखही शोधता येते. गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, ज्यांना आपल्याकडे कोतवाल बुक म्हणतात, तहसील कार्यालयात असतात. नाव आणि अंदाजे साल घेऊन अर्ज केला आणि नोंद सापडली, तर तारखेची नक्कल मिळते. तुमच्या घराण्याची वंशावळ ठेवणारे भाट येत असतील तर त्यांच्याही पोथीत विचारा.

आता स्कॅनर. साधा सपाट काचेचा कोणताही चालेल. ६०० डीपीआयवर, चारही कडा आणि मागची बाजू धरून स्कॅन करा. कड कधीही कापू नका, का ते वर सांगितलंच आहे. रंगीत फोटो आधी उरका. ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर होत चाललेत, काळे-पांढरे अजून टिकतील. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे जातात. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेवरूनच स्कॅन करा. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, मागे बॉलपेन नको. मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं नाव लिहा. चकचकीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे फोटो पाकिटात घालायच्या आधीच पाकिटावर लिहा. आणि डबा पुन्हा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, माळ्यावर त्याहून जास्त. कागदी पाकिटं करून आतल्या खोलीतल्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवा.

घर अजून उभं आहे ना? मग पाडायच्या आधी देवघरातल्या तसबिरींच्या मागची पुठ्ठी उघडून पाहा. एका फोटोवर दुसरा चढवून फ्रेम तीच ठेवायची पद्धत होती, आमच्याकडे असे दोन निघाले. ट्रंकेच्या तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखालीही हात घाला. आणि मावशींना प्रवास झेपत असेल तर एकदा त्या घरात घेऊन जा. कोणता फोटो कोणत्या ओट्यावर काढला ते तिथे उभं राहून सांगू दे. त्या जसं बोलतील तसंच, अहिराणीतच लिहून घ्या. त्यांचाही एक फोटो त्याच ओट्यावर काढा, आणि त्याच्यामागे त्यांचं माहेरचं नाव लिहायला विसरू नका.