पावलं आत पडतात, बूट बदलू का?

लहान मूल पावलं आत वळवून चालतं, ही तक्रार घेऊन येणारे पालक माझ्या फिजिओथेरपी सेंटरला पोहोचेपर्यंत बहुधा बुटांची दोन-चार दुकानं पालथी घालून आलेले असतात. पाच वर्षांच्या या मुलीची आईही (मुलीला इथे चिऊ म्हणू) घोट्याच्या वर येणारे, टणक टाचेचे काळे बूट पिशवीत घेऊनच आली होती. ‘‘पळताना पायात पाय अडकून सारखी पडते, मॅडम. वर्गातली मुलं चिडवतात. आत्ताच काही केलं नाही तर पाय कायमचे असेच राहतील ना?’’ सोबत आजी होत्या. त्यांच्या मते सगळा दोष बसण्याच्या सवयीचा. चिऊ गुडघे पुढे जुळवून, पोटऱ्या दोन्ही बाजूंना मागे टाकून, बूड जमिनीला टेकवून बसते, म्हणून पाय वळले.

‘चालून दाखव’ म्हटलं की मुलं परेडसारखी चालतात. म्हणून चिऊला अनवाणी केलं, हाफ पँट गुडघ्याच्या वर सरकवली आणि बाहेरच्या पॅसेजमधून आजींना चेंडू नेऊन द्यायला सांगितलं. अशा वेळी माझी नजर पावलांआधी गुडघ्याच्या वाटीवर असते. वाटी समोर आणि पाऊल आत असेल, तर पीळ नडगीत किंवा खुद्द पावलात असतो. चिऊच्या दोन्ही वाट्या एकमेकींकडे बघत होत्या, म्हणजे मामला वर, मांडीच्या हाडात. पालथं झोपवून गुडघे 90 अंशांत दुमडले आणि पोटऱ्या बाहेरच्या बाजूला सोडल्या, तर त्या जवळजवळ टेबलाला टेकल्या. उलट दिशेला मात्र जेमतेम 20 अंश गेल्या. म्हणजे खुबा आत भरपूर वळतो, बाहेर थोडाच. दोन्ही पाय अगदी सारखे.

जन्मतः मांडीच्या हाडाची मान (हाडाला खुब्यातल्या गोळ्याशी जोडणारा भाग) सुमारे 40 अंश पुढे वळलेली असते. वाढत्या वयात हा पीळ उलगडत जातो आणि मोठेपणी 15 अंशांच्या आसपास उरतो. काही मुलांत, त्यातही मुलींत जास्त, तो सावकाश उलगडतो आणि तोवर पावलं आत पडतात. बहुतेकांचं चालणं आठ-दहा वर्षांपर्यंत आपोआप सुधारतं. अशा मुलांना मांडी घालणं अवघड आणि ते मागे पाय टाकून बसणं सोपं जातं, कारण खुब्याची ठेवणच तशी असते. त्या बसण्यामुळे हाड वळत नाही. हे आजींना सरळ सांगितलं असतं तर त्यांना लागलं असतं. म्हणून मी विचारलं, ‘‘आजी, हिचे बाबा लहानपणी कसे चालायचे हो?’’ त्या हसल्याच. ‘‘तो? दर सुट्टीत गुडघे फोडून घ्यायचा!’’

तरी मी नुसत्या दिलाशावर सोडत नाही. चिऊला जमिनीवरून उठायला लावलं. मांडीवर हात टेकत टेकत मूल उठत असेल, तर स्नायूंच्या आजाराची शंका घ्यावी लागते. पोटऱ्या ताठ आहेत का, चालायला उशिरा लागली का, हेही पाहिलं. एकच पाय आत वळत असेल, दुखत असेल, मूल लंगडत असेल किंवा चांगलं चालणारं मूल दिवसेंदिवस बिघडत चाललं असेल, तर वाट न बघता अस्थिरोगतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ गाठावा. इथे यातलं काहीच नव्हतं.

मग बूट. त्यांनी पाऊल सरळ दिसतं खरं, पण वरचं हाड आहे तिथेच राहतं. खास बूट, टाचेखालच्या पट्ट्या, पाय बाहेर वळवणारे पट्टे हे सगळं पूर्वी मुलांना भरपूर घातलं गेलं. न घातलेल्या मुलांशी तुलना केली तेव्हा फरक दिसला नाही. ‘‘दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाका,’’ मी म्हटलं. हाड कापून फिरवण्याची शस्त्रक्रिया असते, पण तिचा विचार आठ-दहा वर्षांनंतरही अडचण मोठी राहिली तरच. अशी मुलं फार थोडी.

‘‘म्हणजे काहीच करायचं नाही?’’ आईचा चेहरा उतरला. पालकांना व्यायामाचा कागद हातात पडला की बरं वाटतं. मला मात्र पॅसेजमधली एक गोष्ट खटकली होती: चिऊ चेंडू घेऊन दोन पावलं टाकायची आणि वळून आईच्या तोंडाकडे बघायची. घरात दिवसभर ‘सरळ चाल, सरळ चाल’ चालू असणार. विचारलं, तर होतंच. ते आधी बंद करायला सांगितलं. एवढ्या लहान मुलीला पाऊल धरून ठेवणं चार पावलांपुरतं जमतं, पळताना नाही. त्याऐवजी लंगडी, सायकल, मैदानात भरपूर पळापळ. दर सहा महिन्यांनी एकाच जागी, समोरून, मोबाईलवर व्हिडिओ. चिडवण्याबद्दल वर्गशिक्षिकेशी बोलणं.

निघताना आईने विचारलं, भरतनाट्यमच्या क्लासला घालू का? जरूर घाला. फक्त गुरूंना आधी कल्पना द्या. अरमंडीत, म्हणजे नाचातल्या अर्ध्या बैठकीत, गुडघे बाहेर उघडावे लागतात आणि चिऊचा खुबा सध्या तेवढा उघडत नाही. जोर केला की पीळ गुडघ्यावर आणि घोट्यावर येतो. खुब्यातून उघडेल तेवढीच अरमंडी घेऊ द्या, इतरांपेक्षा कमी दिसली तरी चालेल.