टुरिस्ट व्हिसावर संसार थाटता येत नाही

'ताई, मी मुलुंडला राहते, वय २९. सहा वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरी करतेय. ज्याच्याशी माझं जमलंय तो ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरी-परवान्यावर, जर्मनीत म्युनिकला आहे. तो म्हणतो, टुरिस्ट व्हिसावर ये, पुढचं इथे बघू. आई म्हणते, लग्नाशिवाय पाऊल टाकायचं नाही. मला लग्नाची घाई नाही, पण लांब राहणंही सोसत नाही. काय करू?'

अगं, 'पुढचं इथे बघू' हे आधी मनातून काढून टाक. शेंगेनच्या, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या, टुरिस्ट व्हिसावर १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येतं, नोकरी करता येत नाही आणि मुदत संपली की परतावंच लागतं. राहायला जायचं तर सहसा मुंबईतूनच नवा अर्ज करावा लागतो. भेटीसाठी मात्र हा व्हिसा जरूर काढ. दोन-तीन आठवडे त्याच्या घरी राहा. दमून आल्यावर तो कसा बोलतो, भांडी कोण घासतं, महिनाअखेर पैशांचं काय होतं, हे व्हिडिओ कॉलवर कळत नाही. आईंना हे रुचणार नाही, तरीही मी सांगेन.

लग्नाविना जोडीदार म्हणून राहायला नेदरलँड्स परवाना देतं, जर्मनी देत नाही. लग्न केलंत तर रस्ता सोपा आहे. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला जर्मनची ए-१ ही पहिल्या पायरीची परीक्षा माफ असते आणि नोकरीची मुभाही मिळते. कोर्ट मॅरेज करणार असाल तर नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं, तेव्हा त्याला सुट्टी त्या हिशेबाने काढायला सांग.

मला खरी काळजी वाटते ती तुझ्या कामाची. नोकरीची मुभा मिळाली म्हणून पेशंटला हात लावता येईल असं नाही. फिजिओथेरपीला तिथे सरकारी परवाना लागतो. त्यासाठी आपली डिग्री तपासून घ्यावी लागते आणि जर्मन साधारण बी-२ पर्यंत, म्हणजे चौथ्या पायरीपर्यंत, यावं लागतं. भाषा न शिकता गेलीस, तर सहा वर्षं कमावती असलेली तू पहिल्याच हिवाळ्यात भाजीच्या पैशांसाठीही त्याच्याकडे बघशील. आणखी एक गोष्ट कटू आहे, पण माहीत हवी: लग्न मोडलं तर स्वतःच्या नावावर तिथे राहण्याचा हक्क साधारणपणे तीन वर्षं तिथे एकत्र राहिल्यावरच मिळतो. छळासारख्या प्रसंगी त्याला अपवाद आहे.

लग्न लांबवायचं असेल तर २०२४ च्या जूनपासून सुरू झालेलं जर्मनीचं चान्सनकार्ट (संधी-कार्ड) बघ. नोकरी शोधायला वर्षभर राहता येतं, आठवड्याला २० तास कामही करता येतं. सहा गुण लागतात: पस्तिशीपर्यंतच्या वयाला २, गेल्या सात वर्षांत पाच वर्षांच्या अनुभवाला ३, जर्मन ए-२ ला १. म्हणजे तुझे जमू शकतात. मात्र डिग्री आपल्याकडे सरकारमान्य हवी आणि वर्षभराच्या खर्चाची सोय आधी दाखवावी लागते.

कुठलाही रस्ता धरलास तरी भाषा सुटत नाही. काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या वर्गाला नाव घाल, नोकरी सांभाळून शिक. आणि लग्नाची तारीख धरण्याआधी त्याला सरळ विचार: मी परवाना मिळवेपर्यंत, वर्ष-दोन वर्षं लागली तरी, घर एकट्याच्या पगारावर चालवायची तुझी तयारी आहे का? तो काय म्हणतो ते मला कळव.