कोर्सचं नंतर बघू, आधी त्या पॉलिसीचं बोला

पत्र सांगलीहून आलंय. वय 27, फिजिओथेरपिस्ट, मिरजेत हॉस्पिटलात नोकरी, हातात 24 हजार. दीड लाखाचा पेल्विक हेल्थचा (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या तक्रारींचा) ऑनलाइन 'इंटरनॅशनल' कोर्स करायचाय, पर्सनल लोन 14 टक्क्यांनी मिळतंय, घेऊ का? आणि शेवटी जाता जाता एक ओळ, आत्याच्या मिस्टरांकडनं 20 वर्षांची पॉलिसी घेतलीय, वर्षाला 60 हजार, दोन हप्ते भरून झालेत.

ताई, खरा खड्डा त्या शेवटच्या ओळीत आहे. पगारातले महिन्याला 5,000 तिकडं जातायत, आणि तीन वर्षांच्या लोनचा हप्ता पण साधारण 5,100 च येतो, म्हणजे कोर्सचे पैसे तुमच्याकडं आहेत पण ते काकांकडं चाललेत. टॅक्स वाचतो म्हणाले म्हणे. अहो वर्षाला 2.9 लाख पगारावर टॅक्स बसतोय कुठं वाचवायला? 20 वर्षांनी 20 लाख मिळतील असं सांगितलंय, ते धरलं तरी 5 टक्क्यांच्या आतच पडतं आणि त्या कागदावर पैसे 4 टक्क्यांनी वाढले तर किती आणि 8 टक्क्यांनी वाढले तर किती असे दोन कॉलम असतात, तुम्हाला कुठला दाखवला ते मी सांगायला नको. हेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी 26 लाखांच्या पुढं जातात. भरलेले 1.2 लाख वाया जातील म्हणून अजून 10.8 लाख भरणार का? ब्रँचमध्ये जाऊन सरेंडरला, म्हणजे पॉलिसी मधेच बंद केली तर, किती मिळतात ते लेखी घ्या, काकांना विचारू नका.

आता कोर्स. विषय चांगलाय, बाळंतपणानंतर खोकलं-शिंकलं की लघवी गळते हे बायका वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. पण हे ऑनलाइन शिकायचं काम नाही. बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री, तुमची झालीय, पुढं या विषयाच्या पहिल्या पायरीला, म्हणजे लेव्हल 1 ला, हातात ग्लोव्ह घालून आतून तपासणी आणि स्नायूंची ताकद 0 ते 5 मध्ये मोजणं शिकतात, आणि चांगल्या ठिकाणी ते झाल्याशिवाय पुढची लेव्हल देत नाहीत. अमेरिकेतल्या स्पेशालिस्ट परीक्षेला तिथलं लायसन्स लागतं, शिवाय अनुभवाच्या वाटेनं गेलं तर 2,000 तास पेशंट बघितलेले लागतात, सर्टिफिकेटवर 'इंटरनॅशनल' छापून ते होत नाही.

रोज 8 पेशंट, 800 रुपये, महिन्याला 1.6 लाख हा तुमचा कोर्सनंतरच्या कमाईचा हिशोब मी हसत वाचला. सुरुवातीला दिवसाला 2 धरा, 500 नी, म्हणजे 25 हजार, त्यातनं खोलीचं भाडं वजा, आणि ते पण एखाद्या गायनॅकनं पाठवले तर. त्यांच्याशी आधी बोला, मग प्रत्यक्ष शिकवणारी लेव्हल 1 शोधा, लोन न काढता.

तिसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे ना? बँकेत जाऊन ऑटो डेबिट आधी बंद करा.