आजीला 'परेशान'च राहू द्या

प्रश्न : मुलगी बारावी विज्ञान ७१ टक्क्यांनी पास झाली. आता म्हणते, कथा-कविताच लिहायच्या. मी एक वर्ष दिलंय : मोठा पुरस्कार मिळाला तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं बीबीए. शाळेत तिनं परस्पर दिलेल्या कथेला दुसरं बक्षीस मिळालं. त्यानंतर चार स्पर्धांना मीच भाषा शुद्ध करून कथा पाठवल्या, कुठेच नंबर नाही. कोणता कोर्स घ्यावा?
— एक पालक, इंदूर

उत्तर : कोर्सचं नंतर बघू. कथेच्या मूळ आणि 'शुद्ध' अशा दोन्ही प्रती तुम्ही जोडल्यात, त्या आधी वाचल्या. मुलीनं लिहिलंय, 'आजी परेशान झाली आणि खिडकीतून झाकून बघू लागली.' तुमच्या प्रतीत आजी 'अत्यंत व्यथित होऊन गवाक्षातून डोकावू लागली'. गवाक्ष? इंदुरात कोणाच्या घराला हो? तिची आजी मला दिसली. तुमची संगीत नाटकातून आली. 'झाकून' म्हणजे हिंदी 'झाँकना', डोकावणं; 'झाकून बघू लागली' वाचून पुण्याचा वाचक अडखळेल. अडखळू दे की! आपल्या घरांत हिंदी मराठीत मुरून पिढ्या झाल्या, ती आजी दुसरं कसं बोलणार? बक्षीस मिळालं ते तुमचा हात न लागलेल्या कथेला, हे तुमच्याच पत्रात आहे. लाल पेन ठेवून द्या.

आता ती वर्षाची अट. पुरस्कार म्हणजे मेडिकलची 'नीट' परीक्षा नव्हे, की वर्षभर घोकंपट्टी केली आणि रँक आली. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार ३५ वर्षांपर्यंतच्यांना, तोही छापील पुस्तकाला, आणि रक्कम ५० हजार रुपये. त्यावर घर चालत नाही. अनुवादित पुस्तकांसाठीचा इंटरनॅशनल बुकर २०२५ मध्ये कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प'ला मिळाला, कथासंग्रहाला पहिल्यांदाच. त्यातल्या १२ कथा १९९० ते २०२३ एवढ्या काळात लिहिलेल्या. बाई तेव्हा ७७ वर्षांच्या. मधल्या काळात पत्रकारिता केली, वकिली केली. इंदूरच्या होळकर कॉलेजात शिकलेले कवी गजानन मुक्तिबोध हिंदीत लिहीत, धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत; दोघांनीही पोटासाठी कॉलेजात शिकवलं. तेव्हा 'लेखन की नोकरी' असा पेचच मुळात चुकीचा मांडलाय, तुम्ही आणि कदाचित तिनंही.

बीए करायचं तर सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा आहे, देवी अहिल्या विद्यापीठाची कॉलेजं आहेत. विषय इंग्रजी, हिंदी, मराठी, कुठलाही. बीबीएलाही माझी ना नाही, पण ते शिक्षा म्हणून देऊ नका.

मला तिच्यात अनुवादक दिसतो. तीन भाषा घरबसल्या मिळाल्यात, त्याचं तुम्हाला काहीच कौतुक नाही! बुकरच्या ५० हजार पौंडांतले निम्मे अनुवादक दीपा भास्ती यांना मिळाले. रोजच्या अनुवादाचे दर अर्थात फार कमी असतात, पण काम असतं. एखादी आवडती हिंदी कथा तिला मराठीत करू द्या, इंदुरी मराठीत.

ती वाचते काय, याबद्दल पत्रात एक ओळ नाही. पुढचं पत्र तिलाच लिहू द्या, आणि पाठवण्याआधी तपासू नका.